दिवेआगरच्या बाटलीतलं भांडण

डिसेंबरात आम्ही सगळे दिवेआगरला गेलो होतो, ताम्हिणीतून, नेहमीसारखंच, म्हणजे निघायचं सहाला ठरलेलं आणि पौड रोड सुटेपर्यंत साडेआठ. पहिल्याच दिवशी माझा भाचा ओजस एका लाटेत सपशेल आडवा झाला आणि समुद्राचा भलामोठा घोट पोटात घेऊन वर आला. ताई घाबरली. घरात मायक्रोबायोलॉजी शिकलेला मी एकटाच (आता एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला असतो, पण आमच्याकडे जंतू म्हणलं की अजूनही मलाच धरतात), त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला, "अरे, त्या पाण्यात व्हायरस वगैरे नसतील ना?"

खरं तर तिथं गप्प बसायला हवं होतं. पण बोलून गेलो, "ताई, असतील की, वीसेक कोटी तरी असतील."

मग तिचा चेहरा बघून पुढचं घाईघाईत जोडलं, की त्यातले जवळपास सगळे माणसाच्या वाटेलाही जात नाहीत, ते बॅक्टेरियाचे व्हायरस असतात, त्यांना आपण दिसतच नाही. ताईला ते किती पटलं माहिती नाही, ओजस मात्र एकदम खूश. सहावीत आहे. त्यानं पाण्याची एक रिकामी बाटली समुद्रात बुडवून भरून घेतली, पुण्याला आणली, बाल्कनीत तुळशीशेजारी ठेवली आणि रोज संध्याकाळी मला फोन, मामा आता आत काय चाललं असेल? त्या फोनांवर जे तुकड्यातुकड्यात सांगत गेलो तेच इथं जरा सलग लिहितोय.

आधी तो वीस कोटींचा आकडा कुठून आला ते. समुद्राच्या एका मिलीलीटर पाण्यात, म्हणजे औषधाच्या ड्रॉपरमधल्या वीसेक थेंबांत, साधारण १० लाख बॅक्टेरिया आणि १ कोटीच्या आसपास व्हायरस असतात. जागा आणि ऋतू बघून कमीजास्त होतं पण अंदाज हाच. एक मोठा घोट वीस मिलीचा धरा, झाले वीस कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसंख्येपेक्षा जास्त पोरानं एका घोटात गिळले. आणि गंमत म्हणजे १९८९ पर्यंत हा आकडा कुणाच्या गावीही नव्हता. कारण तोवर व्हायरस मोजायची पद्धत अशी, की बशीत बॅक्टेरिया वाढवायचे, त्यावर पाणी सोडायचं आणि व्हायरसनं कुठे कुठे भोकं पाडली ते मोजायचं. आता समुद्रातले बहुतेक बॅक्टेरिया बशीत वाढायलाच तयार नसतात, मग त्यांचे व्हायरस दिसणार कसे? नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या मंडळींनी हा सगळा खटाटोप सोडून पाणी सरळ इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातलं आणि डोळ्यांनी मोजलं, तेव्हा सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. आता अंदाज असा आहे की सगळ्या समुद्रांत मिळून व्हायरसची संख्या एकावर तीस शून्यं इतकी, आणि समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वजनातला जवळजवळ पाचवा हिस्सा ते दररोज मारून टाकतात. दररोज!

ओजसचा पुढचा प्रश्न अगदी बरोबर होता. "मग बॅक्टेरिया संपत का नाहीत?" आणि मी म्हणलं त्याच्या उलटाही प्रश्न आहे बघ, बॅक्टेरिया एकदाचे पक्के होऊन व्हायरसच का संपत नाहीत? अख्खा विषय या दोन प्रश्नांच्या मधे आहे.

बॅक्टेरियाच्या या व्हायरसला बॅक्टेरियोफेज म्हणतात, लाडानं फेज. त्याला हातपाय नाहीत. बऱ्याच जणांना शेपटी असते पण ती पोहायची नव्हे, चिकटायची. तो पाण्यात नुसता भरकटत असतो आणि योगायोगानं एखाद्या बॅक्टेरियावर आपटतो. बॅक्टेरियाच्या अंगावर प्रोटीनचे, साखरेच्या साखळ्यांचे वेगवेगळे आकार बाहेर आलेले असतात, त्यातला एखादा त्याच्या शेपटीच्या टोकाला कुलूप-किल्लीसारखा बसला तरच तो चिकटतो, नाहीतर पुढे. चिकटला की स्वतःचा डीएनए आत सोडतो, आतला सगळा कारखाना ताब्यात घेतो, काही तासांत स्वतःच्या पन्नास-शंभर कॉप्या काढून घेतो आणि बॅक्टेरिया फोडून बाहेर.

हे योगायोगानं आपटणं फार महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे समुद्रात जो जास्त त्याचं मरण जास्त. गणपतीत लक्ष्मी रोडला गर्दीत एक खिसेकापू आहे असं समजा, पण त्याला फक्त झब्ब्याचा खिसा कापता येतो. गर्दीत झब्बेवाले चारच असले तर बिचारा दिवसभर उपाशी, आणि सगळेच झब्बे घालून आले की त्याची चंगळ. तसंच एखाद्या जातीचा बॅक्टेरिया चांगलं खायला मिळून भराभर वाढला की त्याच्या फेजला तो पावलोपावली भेटायला लागतो, फेज वाढतात, त्या जातीचा फडशा पडतो, जागा रिकामी होते, तिथं दुसरी जात वर येते. नॉर्वेचेच थिंगस्टॅड यांनी १९९० च्या दशकात हे गणितात मांडलं, त्याला 'किल द विनर' म्हणतात, जिंकेल त्याला मारा. म्हणून कुणी एक जात समुद्र बळकावून बसत नाही आणि फेजचं पोटही पूर्ण भरत नाही.

पण हे झालं नुसतं कमी-जास्त होणं. उत्क्रांती कुठे आली? ती कुलपात आली.

दहा लाख बॅक्टेरिया दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होणार म्हणजे डीएनए कॉपी होताना चुका होणारच. त्यातल्या एखाद्याच्या चुकीनं कुलपाचा आकार किंचित बदलतो आणि फेजची किल्ली बसेनाशी होते. इथं एक गैरसमज हमखास होतो, मलाही कॉलेजात होता, की फेज दिसला म्हणून बॅक्टेरिया 'बदलतो'. तसं नाही. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्येच दाखवलं की असे बदल फेज यायच्या आधीच, आपोआप, कुणालातरी झालेले असतात, फेज फक्त बाकीच्यांना मारून त्यांना पुढं आणतो. लॉटरीचं तिकीट आधीच खिशात असतं, निकाल नंतर लागतो. मग त्या वाचलेल्याचीच पोरंबाळं वाढतात, आणि तेवढ्यात फेजमधेही चुका होतच असतात, एखाद्याची किल्ली नव्या कुलपाला बसते की पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेत सिनेकोकॉकस या उन्हावर जगणाऱ्या समुद्री बॅक्टेरियाची एकच जात आणि एकच फेज सहा महिने सतत ताजं खाद्य मिळणाऱ्या भांड्यात एकत्र ठेवून बघितलं, २०१२ मध्ये छापून आलं. त्या सहा महिन्यांत दोन्हीकडे दर भांड्यात चारपासून डझनभरापर्यंत नवनवे प्रकार तयार झालेले, कुणी याला दाद देत नाही, कुणी त्याला देत नाही. एका जोडीतून एवढं सगळं!

मग प्रश्न परत तोच, बॅक्टेरियानं सगळीच कुलपं बदलून का टाकू नयेत?

आमच्या बिल्डिंगमधे तळमजल्यावरच्या काकांकडे एकदा चोरी झाली. त्यानंतर त्यांनी खिडक्यांना, बाल्कनीला, मागच्या दाराला अशी काही जाळी ठोकून घेतली की चोर सोडाच, वारासुद्धा परवानगी काढून आत येईल. मग कळलं की नवीन फ्रिज त्या दारातून आत जातच नाही. अर्धी जाळी कापावी लागली. बॅक्टेरियाचं हेच दुखणं आहे. ते कुलूप त्यानं फेजसाठी लावलेलं नसतं, ते बऱ्याचदा अन्न आत घ्यायचं दार असतं किंवा अंगावरच्या आवरणाचा गरजेचा भाग असतो. ते बदललं की फेज अडतो पण स्वतःचंही नुकसान होतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण प्रोक्लोरोकॉकसचं. हा समुद्रातला सूर्यप्रकाशावर जगणारा बॅक्टेरिया, अर्ध्या मायक्रॉनच्या थोडासा वर, इतका लहान की १९८० च्या दशकात एमआयटीच्या सॅली चिशोम आणि सहकाऱ्यांना सापडेपर्यंत तो आहे हेच कुणाला माहिती नव्हतं, आणि संख्येनं बघाल तर पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणारा याच्याएवढा दुसरा कुणी नाही. इस्राएलच्या टेक्निऑनमध्ये डेबी लिंडेल यांच्या गटानं यालाच फेजशी भिडवलं आणि वाचलेले उचलून त्यांचे जीन वाचले (२०११). बदल बहुतेक एकाच वस्तीत सापडले, डीएनएच्या अशा पट्ट्यांत की जिथं अंगावरच्या आवरणाचे जीन असतात आणि जिथं जातीजातीत तसाही फरक असतो. आणि किंमत? काही वाचलेले हळू वाढायला लागले. आणि काहींची तर गंमतच झाली, एका फेजला दार बंद केलं आणि त्याच बदलामुळे दुसऱ्या फेजला ते जास्त सोपं झालं. म्हणजे इकडं आड तिकडं विहीर, शब्दशः. सगळ्यांपासून सुरक्षित आणि शिवाय सगळ्यात वेगात वाढणारा असा बॅक्टेरिया होऊच शकत नाही. म्हणून एकच जात म्हणताना तिच्यात शेकडो पोटजाती नांदतात, एकीचं कुलूप या फेजला चालत नाही, दुसरीचं त्या फेजला.

आता फेजच्या बाजूचं. किल्ली बदलणं एवढंच काम त्यांच्याकडे असतं तर विषय इथंच संपला असता. पण २००३ मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात निकोलस मॅन यांच्या गटाला सिनेकोकॉकसच्या एका फेजमधे चक्क प्रकाशसंश्लेषणाचे जीन सापडले. व्हायरसला ते कशाला? तो काय ऊन खातो? ओजसनं फोनवर हेच विचारलं आणि मी त्याला कुकर आठवायला सांगितला.

प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रात डी१ नावाचं एक प्रोटीन असतं, ते कुकरच्या रिंगेसारखं, सारखं खराब होणारं. उन्हानंच खराब होतं, आणि सारखं नवीन बनवून बसवावं लागतं, नाहीतर यंत्र बंद. फेज आत शिरला की तो बॅक्टेरियाचं स्वतःचं कामकाज बंद पाडतो, मग रिंग कोण बनवणार? रिंग नाही तर ऊर्जा नाही, आणि फेजला तर कॉप्या काढायला अजून कित्येक तास ऊर्जा पाहिजे. म्हणून हा पठ्ठ्या रिंगेचा जीन स्वतःबरोबर घेऊनच येतो. घर लुटायला आलेल्या चोरानं लाइट जाईल म्हणून इन्व्हर्टर बरोबर आणावा तसं. नंतर तपासलं तर अशा समुद्री फेजपैकी बहुतेकांकडे हा जीन निघाला. आणि तो आला कुठून, तर बॅक्टेरियाकडूनच, कुठल्यातरी जुन्या लुटीत चुकून उचललेला. मग फेजकडे राहून त्यात थोडेफार बदल झाले आणि पुढे कधीतरी त्यातले तुकडे परत बॅक्टेरियाकडेही गेले. शेजारच्या काकूंची वाटी आपल्याकडे, आपला डबा त्यांच्याकडे आणि दहा वर्षांनी मूळ कुणाचं काय ते कुणालाच सांगता येत नाही, तसली देवाणघेवाण. ज्या समुद्रात फॉस्फेट कमी तिथल्या फेजकडे तर फॉस्फेट गोळा करायचे जीनही जास्त सापडतात. वैरी खरे पण एकाच समुद्रात एकाच टंचाईत वाढलेले.

बॅक्टेरियाही नुसते कुलपावर थांबत नाहीत. फेज आत आलाच तर परका डीएनए ओळखून कापणाऱ्या कात्र्या त्यांच्याकडे असतात. आणि एक रजिस्टर असतं, सोसायटीच्या वॉचमनसारखं. त्या रजिस्टरचं नाव क्रिस्पर, आणि त्याच्या शोधाचा एक मोठा धागा मिठागरातून आलाय हे मला फार भारी वाटतं. स्पेनमधे सांता पोलाच्या मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांवर काम करताना फ्रान्सिस्को मोहिका यांना डीएनएमधे पुन्हा पुन्हा येणारा एकसारखा तुकडा दिसला आणि त्या तुकड्यांच्या मधे दरवेळी वेगळंच काहीतरी. १९९३ मध्ये त्यांनी ते छापलं आणि २००५ मध्ये सांगितलं की मधलं ते वेगळं म्हणजे व्हायरसच्या डीएनएच्या चिठ्ठ्या आहेत. हल्ला परतवून जो वाचला त्यानं हल्लेखोराचा तुकडा रजिस्टरात चिकटवून ठेवला, तो पोरांनाही मिळतो, पुन्हा तोच आला की ओळखून कापायचा. नवी नोंद एकाच टोकाला चिकटते म्हणून कुणाशी कधी गाठ पडली याचा क्रमसुद्धा वाचता येतो. हे रजिस्टर खरंच काम करतं हे २००७ मध्ये सिद्ध झालं ते दह्याच्या बॅक्टेरियात, कारण दही-चीजच्या कारखान्यांना फेजचा जुना ताप. एकाच जातीचं विरजण टाकीभर लावलं आणि त्याचा फेज शिरला की टाकी गेली, म्हणून ते जाती आलटून पालटून वापरतात. आईच्या विरजणात मात्र कितीतरी जाती एकत्र नांदत असतात, एक पडली तर दुसरी दही लावते. (आमचं दही लागलं नाही की आई हवेला दोष देते, मी फेजचं नाव घेतलं तर म्हणते आधी भांडी घास.)

अर्थात फेजनं त्यावरही तोड काढलीये, काहींकडे या कात्र्यांना बूच मारणारी प्रोटीन्स असतात, काही तर आपल्या डीएनएचा नोंद झालेला तुकडाच रजिस्टरातल्या नोंदीशी जुळू नये इतपत बदललेला असतो म्हणून निसटतात. आणि प्रोक्लोरोकॉकससारख्या काटकसरी मंडळींकडे हे रजिस्टर सहसा नसतंच, त्यांचं सामानच इतकं मोजकं की वॉचमन परवडत नाही, ते बिचारे कुलपं बदलूनच दिवस काढतात.

मग वॉचमन परवडतो कुणाला? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या नहांत किनाऱ्यावरचे व्हिब्रिओ बॅक्टेरिया तपासले तेव्हा वेगळंच निघालं (२०२१). एकमेकांच्या जवळजवळ झेरॉक्स असलेले बॅक्टेरिया, कुलपंही सारखीच, तरी याला मारणारा फेज त्याला मारू शकत नाही. फरक होता तो डीएनएच्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांत, त्यांच्यावर फेजविरोधी हत्यारं लादलेली, आणि हे तुकडे एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात फटाफट येत-जात असतात. म्हणजे हत्यारं बाजारात भाड्यानं फिरतायत.

आता हे सगळं इतकं धावतंय तर पाच-दहा वर्षांत समुद्र ओळखू येणार नाही असा बदलत असेल? उलट आहे. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन पेद्रोच्या समुद्रात पाच वर्षं दर महिन्याला पाणी काढून त्यातले व्हायरस वाचले, तर जाती वर्षानुवर्षं त्याच. पण जातीच्या आतले वाण सारखे बदलत राहतात, आज हा वर उद्या तो. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यसारखं, बोर्ड तोच, चव थोडीफार तीच, पण आत चहा करणारा दर सहा महिन्यांनी वेगळा. लांबून बघितलं तर काहीच घडत नाही असं वाटतं.

आणि सगळे फेज काही लगेच मारत नाहीत, काही बॅक्टेरियाच्या डीएनएमधे शिरून भाडेकरूसारखे राहतात, तो वाढला की हेही आपोआप वाढतात. अशा भाडेकरूनं आपल्याला किती रडवलंय बघा. कॉलऱ्याचा व्हिब्रिओ खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात राहतो. कॉलऱ्याचं विष असतं हे १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी दाखवलं, आणि त्या विषाचा जीन मुळात बॅक्टेरियाचा नाहीच, त्याच्यात मुक्कामाला आलेल्या फेजचा आहे, हे कळायला १९९६ उजाडलं. पुढे बांगलादेशातल्या पेशंटच्या नमुन्यांत कॉलऱ्याला मारणारा एक फेज सापडला, आयसीपी-१. बॅक्टेरियाकडे या फेजविरुद्ध एक खास सापळा आहे, फेज आत आला की बॅक्टेरिया स्वतः मरतो पण फेजची पिल्लं होऊ देत नाही, शेजारी वाचतात. तर या आयसीपी-१ च्या काही वाणांकडे चक्क क्रिस्पर निघालं (२०१३). बॅक्टेरियाचं रजिस्टर आणि कात्री चोराच्याच हातात, आणि त्यात नोंद कुणाची तर त्या सापळ्याची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमधे एकटाच हसत बसलो होतो.

"ते सगळं राहू दे," ओजस म्हणाला, "माझ्या बाटलीत कोण जिंकलं?"

मी सांगितलं की बाटलीत भरल्याबरोबर खेळच बदलतो. मोकळ्या समुद्रात थोडक्यात भागवणारे जे बॅक्टेरिया भरपूर असतात ते बंद बाटलीत मागे पडतात आणि एक-दोन दिवसांत व्हिब्रिओसारखे अधाशी, भराभर वाढणारे पुढं येतात. मग त्यांचे फेज आत असतील तर ते वाढतात, अधाश्यांतले बरेचसे फुटतात, फुटल्यावर त्यांच्या पोटातला माल पाण्यात सांडतो आणि त्यावर उरलेले जगतात. समुद्रातही हेच चालतं, मेलेल्यांचं वर मोठ्या माशांपर्यंत पोचायच्या आतच खाली परत वाटप होतं. शिवाय थेट ऊन लागलं की व्हायरस लवकर खराब होतात, तुझी बाटली तुळशीजवळ उन्हात आहे, त्यामुळे चौदा-पंधरा दिवसांनी आत कोण किती ते मायक्रोस्कोपशिवाय मी काय सांगणार. रविवारी घेऊन ये, ओळखीच्या लॅबमधे निदान बॅक्टेरिया तरी बघू.

रविवारी तो रिकाम्या हातानं आला. ताईनं शनिवारी बाल्कनी धुतली, बाटलीला वास यायला लागला होता म्हणून ती मोरीत ओतली, आणि बाटली घासून पालथी घातली. ओजस रडायच्या बेतात. मग आम्ही दोघांनी मोबाइलवर नकाशा उघडला आणि बोटानं रस्ता धरला, मोरीतून नाला, नाल्यातून मुठा, पुढे भीमा, उजनी, कृष्णा, आणि मग थेट बंगालचा उपसागर. अरबी समुद्राचे वीसेक कोटी नाही, लिटरभर म्हणजे हजार कोटी, चुकीच्या समुद्राकडे निघालेले. ओजस म्हणाला, "तिथली कुलपं वेगळी असतील का?"

ताई आतून ओरडली, आता बंगालच्या उपसागराची बाटली आणायची नाही.